साळ्याचा व्हायरस

कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘एकही व्हायरस सापडला नाही’ असं उमटलं आणि भूमेश्वरीनं समाधानानं खुर्चीला पाठ टेकली. सकाळपासून ती संस्थेच्या तिन्ही कॉम्प्युटरांवर नवा अँटीव्हायरस चढवत बसली होती. एकाची तपासणी संपत आली की दुसरा अडकायचा, दुसऱ्याची समजूत काढेपर्यंत तिसरा आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. आता तिन्ही पडदे हिरवे झाले होते. शेजारी उभे राहून इतका वेळ मिशीवरून बोट फिरवणारे अध्यक्ष केशोराव मात्र खूश दिसेनात.

“काहीच नाही भेटला?” त्यांनी विचारलं.

“नाही जी. एकदम साफ.”

“एकबी नाही?”

“एकबी नाही, साहेब.”

“मंग हा घेतला कायले आपन?”

व्हायरस नसणं ही चांगली बातमी आहे, हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं भूमेश्वरीला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“साहेब, गोंदियाच्या दुकानवाल्यानं पहिले तिन्ही कॉम्प्युटर पार कोरे करून देले. म्हनून आत काही नाही भेटलं. आता बाहेरून येईन त हा पकडन.”

“पकडन कशावरून?”

“त्याचं कामच ते हाय जी.”

“चौकीदाराचंबी कामच ते असते,” केशोराव म्हणाले. “तरी मी पारखूनच ठेवला होता ना?”

चौकीदाराची ती पारख सडक अर्जुनीत सगळ्यांना ठाऊक होती. केशोराव कापगते हे धान खरेदी-विक्री संस्थेचे अध्यक्ष आजकालचे, पण त्यांचा सगळा जन्म धान पारखण्यात गेलेला. पोतं समोर आलं की त्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसायची आणि तिच्यातून घरंगळलेले दाणे दाताखाली फोडून बघायचे. पोतं आणणारा सख्खा व्याही असला तरी परखी चुकायची नाही. पुढे ही सवय धानापुरती राहिली नाही. संस्थेसाठी छत्री घेतली तर ते तिच्यावर बादलीभर पाणी ओतायला लावत आणि खाली केवळराम शिपायाला उभं करत. उंदराचा पिंजरा घेतला तर त्यात उंदीर सापडल्याशिवाय मंजुरी नाही. नवा चौकीदार ठेवला, तेव्हा त्यांनी केवळरामलाच अंधार पडल्यावर भिंतीवरून आत उडी मारायला सांगितलं होतं. चौकीदार उत्तम निघाला. केवळराम बरेच दिवस पाठीला हळद लावून फिरत होता.

भूमेश्वरीला मात्र यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. तिचे कॉम्प्युटर होते ती खोली मुळात बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची. कॉम्प्युटर आले, बारदाना व्हरांड्यात गेला आणि भांडारपाल दुलीचंदनं त्या दिवसापासून यंत्रांशी वैर धरलं. त्यात मागच्या हंगामात, ऐन खरेदीच्या दिवसांत, व्हायरसनं तिन्ही यंत्रं आडवी पाडली. बाहेर हमरस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि आत पडद्यावर नुसत्या कवट्या नाचताहेत, असा प्रकार झाला. तेव्हाच केशोरावांनी सांगून टाकलं होतं की यंदाही असं झालं तर यंत्रं गोंदियाच्या शाखेत जातील, यंत्रांबरोबर ऑपरेटरही जाईल आणि खोली दुलीचंदला परत मिळेल. गोंदिया म्हणजे पहाटेची बस आणि घरी यायला अंधार. भूमेश्वरीच्या सासूबाईंनी, तुलसाबाईंनी, त्यावर आपला निकाल आधीच दिला होता, “रोज गोंदियाले जानं होत नाही. तसं असन त नोकरी सोड.” भूमेश्वरीला ही नोकरी जिवापाड आवडत होती. अँटीव्हायरस घ्यायला लावला होता तोही तिनंच, केशोरावांच्या हात धुऊन मागे लागून.

“शुक्रवारी संचालकाइची सभा हाय,” केशोराव म्हणाले. “साऱ्याइच्या समोर पकडून दाखव. पकडला त मंजूर. नाही पकडला त वापस.”

दारात उभा असलेला दुलीचंद खाकरला. “मंग शनिवारी बारदाना आत घेऊ का, साहेब?”

“शुक्रवार त होऊ दे गा,” केशोराव म्हणाले. त्यांनी ‘नाही’ म्हटलं नव्हतं, हे भूमेश्वरीच्या बरोबर ध्यानात आलं.

तिनं लगेच गोंदियाला फोन लावला. ज्याच्या दुकानातून अँटीव्हायरस आणला तो हेमेंद्र पक्का गोंदियाचा, म्हणजे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा.

“टेस्टच करायची ना, मॅडम? एकदम आसान है,” तो म्हणाला. “एक लाईन असते. साऱ्या अँटीव्हायरस कंपन्यांनी मिळून ठरवलेली. ती टाईप करून सेव्ह करायची, बस. त्यानं बिघडत काहीच नाही, पण अँटीव्हायरस तिला ओळखतो आणि धरतो. मैं मेसेज भेजता हूँ. एक अक्षरही इधर का उधर मत करना.”

मेसेज आला. त्यात एक धड शब्द नव्हता, नुसती चिन्हं आणि अक्षरांची खिचडी. भूमेश्वरीनं एकेक अक्षर बोटानं धरून टाईप केलं, सेव्ह केलं आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरनं असा भोंगा वाजवला की चहा घेऊन आत येणाऱ्या केवळरामच्या हातातला ट्रे दुलीचंदच्या सदऱ्यावर रिकामा झाला. पडद्यावर लाल चौकट उमटली होती. भोंगा ऐकून केशोराव धोतर सावरत धावतच आले.

“पकडला का?”

“पकडला जी!”

“शाब्बास! कोठून आला होता?”

भूमेश्वरीनं खरं ते सांगितलं. “मीच टाईप केला, साहेब. पारखासाठीच असते तो. त्यानं काही बिघडत नाही.”

केशोरावांचा फुललेला चेहरा जागच्या जागी सुकला. “म्हंजे तूच केला, तूच सोडला, अन् यानं पकडला?”

“पन साहेब, चौकीदाराच्या टायमाले केवळरामच त चोर झाला होता.”

“झाला होता ना! पन चौकीदाराले कोठं माहीत होतं का तो केवळराम हाय म्हनून? म्हनून त त्यानं झोडपला. याले त पहिलेपासून माहीत हाय. साऱ्या कंपन्याइनं मिळून ठरोलं हाय म्हनतेस ना तू? हे त संगनमत झालं, बाई.” केशोराव दोन पावलं गेले आणि परत वळले. “मले बाहेरचा पायजे. खराखुरा. ज्याच्यानं काहीतरी बिघडते असा.”

दुलीचंद सदरा झटकत म्हणाला, “बराबर हाय, साहेब.” झोडपल्याचा विषय निघाल्यापासून केवळरामचा हात आपोआप पाठीकडे गेला होता.

आता खराखुरा व्हायरस आणायचा कुठून? वर्षभर ज्याला हाकलण्यात जीव मेटाकुटीला आला, त्यालाच आमंत्रण द्यायची पाळी भूमेश्वरीवर आली. केवळरामनं डोकं खाजवून पत्ता सुचवला, “मॅडम, इंदरलालच्या स्टुडिओत भेटन. माह्या भाच्यानं लग्नाचे फोटो तेथून आनले त त्याच्या घरचा कॉम्प्युटर जो बसला तो अजून नाही उठला.”

इंदरलालचा फोटो स्टुडिओ बसस्टँडसमोर होता. भूमेश्वरी गेली तेव्हा तो एका नव्या जोडप्याला हनुवटी वर करायला सांगत होता.

“इंदरलालभाऊ,” तिनं सरळच विचारलं, “तुमच्याकडं वायरस भेटन का?”

इंदरलालच्या हातातला कॅमेरा खाली आला. जोडप्याच्या हनुवट्याही खाली आल्या. “वहिनी, गिऱ्हाइकाच्या समोर असं बोलत असतेत का? माह्या दुकानात वायरस? पंधरा वर्सं झाली दुकानाले, आजवर कोनी बोट नाही दाखवलं!”

“तसं नाही भाऊ, मले त उलट पायजेच होता.”

“पायजे असन त दुसरीकडं पाहा. आमच्याकडं सारा माल साफ हाय.” आणि त्यानं जोडप्याला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, “तुम्ही काऊन घाबरून राहिले? हसा!”

पुढं सगळीकडे हाच प्रकार. मोबाईलमध्ये गाणी भरून देणाऱ्या पोरानं आपल्या दुकानात फक्त ‘ओरिजिनल’ गाणी असतात असं सांगितलं, आणि सांगताना स्वतःच हसला. टायपिंग सेंटरच्या शामकलाबाईंनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे व्हायरस आहेत असं हळूच सांगितलं. झेरॉक्सवाल्यानं तितक्याच हळू आवाजात तिला शामकलाबाईंकडे परत पाठवलं. सडक अर्जुनीत व्हायरस नसलेला एकही कॉम्प्युटर नव्हता आणि व्हायरस असलेला एकही माणूस नव्हता. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोहोचली होती. “काय वो, लोकाइच्या दुकानात जाऊन काय मागून राहिली तू?” तुलसाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं. “जे दुकानात ठेवतच नाहीत ते मागून नाही राहावं मानसानं.”

गुरुवार उजाडला. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान येऊ लागलं होतं आणि संस्थेच्या आवारात काट्यापाशी पोत्यांची थप्पी लागली होती. भूमेश्वरी उतरल्या चेहऱ्यानं खिडकीत उभी राहून बघत होती. केशोरावांनी एका पोत्यात परखी खुपसली, दाणे तळहातावर घेतले, एक फोडला आणि थुंकले. दाणा ओला होता. पोतं आणणारा शेतकरी जराही विचलित झाला नाही.

“हे पोतं माहं नाही जी,” तो म्हणाला. “साळ्याचं हाय. माह्या ट्रॅक्टरवर टाकून देलं त्यानं.”

केशोरावांनी मान डोलावली, पोतं बाजूला काढायला लावलं आणि शेतकरी इज्जतीनं पुढच्या पोत्याकडे वळला. भूमेश्वरीनं हे हजार वेळा पाहिलं होतं. त्या काट्यावर ओलं पोतं आणणाऱ्याचं कधी नसेच. सुकं धान माणसाचं स्वतःचं आणि ओलं धान साळ्याचं, म्हणजे मेहुण्याचं, हा तिथला अलिखित रिवाज होता. पारख करणाराही त्यावर हसत नसे, कारण त्यालाही साळा होताच. आज मात्र ते वाक्य ऐकून भूमेश्वरी खिडकीपासून ताडकन वळली, पर्स उचलली आणि केवळरामला म्हणाली, “चाल, इंदरलालकडं.”

इंदरलालनं तिला पाहून तोंड फिरवलं.

“भाऊ, त्या दिवशी माहं चुकलंच,” ती म्हणाली. “तुमच्या दुकानात कायचा आला वायरस! मी म्हनत होती, तुमच्या साळ्याचा एखादा पेनड्राईव्ह पडला असन त...”

इंदरलालनं रस्त्याकडे पाहिलं, आतल्या पडद्याकडे पाहिलं आणि ड्रॉवर ओढला. “साळ्याचा हाय बरं,” तो म्हणाला. “देवरीहून आला होता, विसरून गेला.” त्यानं टेबलावर एक काळा पेनड्राईव्ह ठेवला. मग दुसरा ठेवला. मग एक लाल.

“कितीक साळे हायेत तुम्हाले?” केवळरामनं विचारलं.

“एकच हाय गा. पन भलताच वाया गेलेला हाय.”

तिथून पुढे काम पाण्यासारखं झालं. झेरॉक्सवाल्यानं साळ्याचा दिला. शामकलाबाईंनी नणंदेचा दिला आणि नणंदेबद्दल आणखीही बरंच सांगितलं. गाणीवाल्या पोराचं लग्न व्हायचं होतं, त्यानं होणाऱ्या साळ्याचा दिला. संध्याकाळपर्यंत केवळरामची पिशवी भरली. तो ती अंगापासून लांब धरून चालत होता आणि घरी जाताना त्यानं दोनदा हात धुतले.

शुक्रवारी सकाळी दुलीचंद एक सुतळी घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आला आणि कुणाशी न बोलता लांबी-रुंदी मापून गेला. दुपारी सभा भरली ती त्याच खोलीत. अध्यक्ष केशोराव मधल्या खुर्चीवर, भोवती संचालक. त्यांत खुशालराव होते, ज्यांना प्रत्येक सभेत काहीतरी बोलल्याशिवाय चैन पडत नसे, आणि निर्मलाबाई होत्या, ज्या बोलत नसत पण सगळ्यांत शेवटी एक वाक्य टाकून समोरच्याला गप्प करत. भूमेश्वरीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि इंदरलालचा काळा पेनड्राईव्ह कॉम्प्युटरला लावला.

भोंगा वाजला. संचालक मागे सरकले. पडद्यावर लाल अक्षरं भराभर उतरू लागली आणि त्रेचाळीसवर थांबली.

“बाहेरचा ना?” केशोरावांनी विचारलं.

“बाहेरचा जी. इंदरलालभाऊच्या साळ्याचा.”

“बिघडते ना याच्यानं?”

“केवळरामच्या भाच्याचा कॉम्प्युटर अजून बंद हाय, साहेब.”

केशोराव प्रसन्न झाले. पडद्यावर कॉम्प्युटर विचारत होता, काढून टाकू का? पण पेनड्राईव्ह लोकांचे, त्यांना न विचारता कसं पुसायचं, म्हणून भूमेश्वरीनं ‘नंतर’वर टिचकी मारली. केशोराव मंजुरीसाठी हात वर करणार, इतक्यात खुशालराव बोललेच.

“थांबा ना, साहेब. माह्याजवळबी एक हाय. म्हंजे, साळ्याचा.”

लावला. एकाहत्तर निघाले. खुशालरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि मिशी नीट केली. तेव्हा निर्मलाबाईंनी पर्स उघडली, एक गुलाबी पेनड्राईव्ह काढला आणि “हा माह्या भावजयीचा,” एवढंच म्हणाल्या. भोंगा वाजत राहिला. एकशे अठरा.

“एकशे अठरा!” कुणीतरी म्हणालं. निर्मलाबाईंनी पदर सावरला आणि खुर्चीत ताठ बसल्या.

इथून पुढे सभेचा ताल सुटला. खुशालरावांनी घरी फोन करून टीव्हीमागे ठेवलेला पेनड्राईव्ह मोटारसायकलवर मागवला. दुसऱ्या एका संचालकानं मुलाला शाळेतून बोलावलं. येणारा प्रत्येक पेनड्राईव्ह लागला की सगळे पडद्यापाशी गर्दी करत, आकडा चढू लागला की शंकरपटात बैलजोडी सुटल्यासारखा ओरडा होई. आणि अर्ध्या तासात एक नवल घडलं. साळा, नणंद, भावजय ही सगळी नाती मागे पडली. “आता माहा लाव वो!” “माहा मोठा हाय, त्याच्यात पाह्य!” असं ऐकू येऊ लागलं. दीडशेवाला शंभरवाल्याकडे दयेनं पाहू लागला. शेवटी निर्मलाबाईंच्या दुसऱ्या पेनड्राईव्हमधून दोनशे सात निघाले आणि खुशालरावांनी उठून त्यांना आदरानं पडद्याजवळची खुर्ची दिली.

केशोरावांना आता बसवेना. त्यांनी बंडीच्या खिशातून चांदीसारखा चकचकीत पेनड्राईव्ह काढला आणि भूमेश्वरीसमोर धरला. जावयानं गेल्याच आठवड्यात दिलेला होता आणि त्यात बांधावर उभ्या असलेल्या केशोरावांच्या चार फोटोंपलीकडे काही नव्हतं.

“लाव.”

भूमेश्वरीनं लावला. भोंगा वाजला नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, ‘एकही व्हायरस सापडला नाही’.

“पुन्हा पाह्य.”

पुन्हा हिरवा.

“नवा हाय जी साहेब, म्हनून...”

“नवा असला म्हनून काय झालं? अध्यक्ष हाय मी संस्थेचा!”

“राहू द्या ना, भाऊ,” निर्मलाबाई मायेनं म्हणाल्या. “नसतेत एखाद्याजवळ.”

ते वाक्य केशोरावांना कुठं लागायचं तिथं लागलं. त्यांचे कान लाल झाले. “याच्यातच खोट हाय,” ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. “साऱ्याइचे पकडते अन् माहाच नाही पकडत? अशा यंत्रावर भरोसा कसा ठेवाचा? उद्या एकाचं धान तोलन अन् दुसऱ्याचं नाही तोलन, असा काटा चालन का आपल्याले?”

संचालक विचारात पडले. काट्याचं उदाहरण सगळ्यांना पटण्यासारखं होतं. दारातून आवाज आला, “मी त पहिलेपासून सांगून राहिलो होतो, साहेब.” दुलीचंदच्या हातात सुतळी होती.

गावभर हिंडून, शिव्या खाऊन भूमेश्वरीनं व्हायरस जमवले, अँटीव्हायरसनं एकूण एक पकडला, आणि आता एका स्वच्छ पेनड्राईव्हपायी सगळं मातीत जाणार! तिला रडू फुटणार होतं, पण रडण्याऐवजी तोंडातून भलतंच निघालं.

“साहेब, तुमचा पेनड्राईव्ह साधा नाही. भारी हाय. त्याले असं वरवर पाहून नाही होत, आत खोलवर पाहा लागते. थोडा टाइम लागन. तवरोक सारे चहा घेऊन घ्या.”

अध्यक्षांच्या पेनड्राईव्हला खोली असणार, हे संचालकांना मान्य झालं. केशोरावांनाही ते ऐकून जरा बरं वाटलं. सगळे व्हरांड्यात बारदान्याच्या गठ्ठ्यांवर बसून चहा आणि गरम भजी खाऊ लागले. भूमेश्वरीनं दार लोटलं आणि केवळरामला बाहेर उभं केलं. चौकीदारी कशी करतात हे त्याला स्वतःच्या पाठीमुळे चांगलं कळलं होतं.

मग भूमेश्वरीनं जे केलं ते तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिनं अँटीव्हायरस बंद केला. ‘तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित होईल. नक्की बंद करू?’ असं त्यानं काकुळतीला येऊन विचारलं. “कर रे बाबा,” ती म्हणाली. मग तिनं इंदरलालच्या साळ्याचे, शामकलाबाईंच्या नणंदेचे, गाणीवाल्याच्या होणाऱ्या साळ्याचे, खुशालरावांचे आणि निर्मलाबाईंचे बरेच व्हायरस एकेक करून उचलले आणि अध्यक्षांच्या पेनड्राईव्हमध्ये भरले. आपण काय करतो आहोत या विचारानं तिला क्षणभर लाज वाटली. मग पहाटेची गोंदियाची बस डोळ्यांसमोर आली आणि तिनं आणखी थोडे भरले. शेवटी अँटीव्हायरस सुरू केला, घाम पुसला आणि दार उघडलं.

“या जी साहेब. आता पाहा.”

भोंगा सुरू झाला तो थांबेचना. शंभर झाले, दोनशे झाले. दोनशे सातचा आकडा ओलांडला तेव्हा निर्मलाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. खुशालराव मोठ्यानं मोजू लागले आणि मोजता मोजता मागे पडले. तीनशेच्या पुढे केशोराव उभे राहिले. आकडा चारशे सव्वीसवर थांबला आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. रस्त्यानं जाणाऱ्या दोन ट्रकवाल्यांनी वेग कमी करून संस्थेकडे वळून पाहिलं.

“मी म्हनत होतो ना,” केशोराव रुमालानं कपाळ टिपत म्हणाले, “आत खोल असतीन म्हनून. यंत्र चोख हाय. मंजूर!”

“मंजूर!” सगळ्यांनी हात वर केले. निर्मलाबाईंचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

“मंग बारदाना, साहेब?” दुलीचंदनं विचारलं.

“व्हरांड्यातच राहू दे. वरून ताडपत्री टाक. ही खोली आता लागते आपल्याले, दर सभेले लागते.”

दुलीचंदनं सुतळी गुंडाळून खिशात घातली. भूमेश्वरीला इतकं हलकं वाटलं की तिनं त्यालाही एक भजं दिलं, आणि त्यानं ते घेतलं. मग ती पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर तोच प्रश्न थांबून राहिला होता, काढून टाकू का?

“साहेब, सारे सापडले,” ती म्हणाली. “आता मारून टाकू ना?”

“नोको!” केशोराव ओरडले. “हात नोको लावू!”

“पन साहेब, अँटीव्हायरस घेतला त याच्यासाठीच ना?”

“पकडासाठी घेतला. पकडला ना त्यानं? झालं त्याचं काम.” त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या हातानं पेनड्राईव्ह उपसला. “दिवाळीले जावई येनार हाय. त्याले दाखवाचे हायेत.”

“माहेबी राहू दे वो,” खुशालराव म्हणाले. “पोराले खोटं वाटन, एकाहत्तर म्हटलं त.” निर्मलाबाईंनी दोन्ही पेनड्राईव्ह पर्समध्ये टाकून चेन ओढली. बघता बघता प्रत्येकानं आपापला ऐवज उचलला. एकमतानं मंजूर झालेल्या त्या अँटीव्हायरसला दिवसभरात एकही व्हायरस मारू दिला गेला नाही.

केशोराव सगळ्यांत शेवटी निघाले. पेनड्राईव्ह रुमालात गुंडाळून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, दारापर्यंत गेले आणि काहीतरी आठवून परत आले. आवाज खाली आणून, जरा काळजीनंच त्यांनी विचारलं, “बाई, पुढच्या सभेलोक टिकतीन ना वो हे? धानासारखे वाळू-बिळू घाला लागत नाहीत ना?”

“काही करा लागत नाही, साहेब,” भूमेश्वरी म्हणाली. “आपोआप वाढतेत.”

केशोरावांचा चेहरा उजळला, आणि खिशावर हात ठेवून ते जपून पायऱ्या उतरले.